पत्ता तपासला जात आहे

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला नवरदेव दीड तास उशिरा आले. तेव्हा मोबाइल नव्हते. आमच्या घरून त्यांच्या घरी तीनदा फोन गेला आणि तिन्ही वेळा नवरदेवांनी स्वतः उचलून सांगितलं, "निघालोय." घरातला फोन उचलून माणूस निघालोय म्हणतो म्हणजे तो अजून घरातच आहे, हे माझ्या वडिलांच्या तिसऱ्या फोननंतर लक्षात आलं. पण तोवर शब्द दिलेला होता आणि आमच्याकडे दिलेला शब्द मागे घेत नाहीत.

तर हे माझे भावोजी. एका पार्सल कंपनीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं नोकरी. ऑफिसात त्यांना सगळे पोचेलसाहेब म्हणतात, कारण कोणी कोणत्याही वस्तूबद्दल विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर 'पोचेल' हे असतं. दुसरं उत्तर 'रस्त्यात आहे'. तिसऱ्यांदा विचारणारा माणूस त्यांच्या मते भांडखोर. मी मेहुणी असल्यामुळे मला तिसऱ्यांदा विचारायचा हक्क आहे आणि तो मी मनसोक्त वापरते.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. एकोणीस वर्षांत कोणावर आवाज चढवला नाही, पान-सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. दोष एवढाच, की समोरच्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नाही. तो उचलायला जे वाक्य हाताशी सापडेल, त्याचा ते टेकू लावतात आणि पुढे निघून जातात. ताईच्या स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं गळत होता आणि चार वर्षं प्लंबर 'निघालेला' होता. ताईने नळाखाली एक पातेलं ठेवलं होतं. ते भरलं की ती झाडांना पाणी घालायची. प्लंबरच्या कृपेने तिची झाडं मात्र चांगली वाढली.

आता त्यांच्या ऑफिसातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तक्रार आली की ती त्यांच्या संगणकावर एका नंबराच्या रूपात उगवते. ग्राहकाचं नाव दिसत नाही, कारण कंपनी ग्राहकाच्या खासगीपणाला फार जपते. पार्सल जपत नसली तरी. सात दिवसांत तक्रार मिटली नाही, तर तो नंबर लाल होतो आणि लाल नंबर दर शनिवारी दुपारी मोठ्या साहेबांच्या पडद्यावर दिसतात. भावोजींच्या विभागात मात्र एकही लाल नंबर कधी दिसला नाही. त्याबद्दल त्यांना दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती दिवाणखान्यात लावलेली आहेत.

युक्ती अशी, की दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी ते 'सगळे लाल' असं एक बटण दाबत आणि त्यापुढे 'पत्ता तपासणी' हा पर्याय निवडत. पत्ता तपासायला घेतला की घड्याळ पुन्हा शून्यावर. नंबर काळा होई, खाली गोदामात त्यांच्या छापील सहीची चिठ्ठी निघे आणि ग्राहकाला आपोआप निरोप जाई, 'आपल्या पार्सलचा पत्ता तपासला जात आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' हे वाक्य भावोजींनीच लिहिलेलं. त्याबद्दल त्यांना पेनचा संच मिळाला होता. खाली गोदामात काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना धुळीचा त्रास आहे, त्यामुळे ते गोदामात जात नसत. एकोणीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या.

मग महामारी आली आणि सगळं जगच भावोजींसारखं बोलायला लागलं. औषधाच्या दुकानात विचारा, रस्त्यात आहे. चष्म्याच्या दुकानात विचारा, बंदरात अडकलंय. सायकलची चेन, कुकरची रबरी रिंग, प्रिंटरची शाई, कशालाही हात घाला, ते कुठल्यातरी जहाजावर होतं आणि ते जहाज कुठल्यातरी रांगेत उभं होतं. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी घाबरून साबणाच्या साठ वड्या आणून ठेवल्या आणि मग आंघोळीला पाणी कमी पडतं म्हणून कुरकुर करत बसले. कंपनीने गाड्यांवर नवीन वाक्य रंगवून घेतलं, 'आम्ही पार्सल नाही, विश्वास पोचवतो.' पहिल्या तीन शब्दांबद्दल तरी कोणाची तक्रार नव्हती.

मी शिवणकाम करते. ताईच्याच इमारतीत, एक मजला खाली, दोन मशिनं आणि कापायचं टेबल. कपडे शिवून घ्यायचं लोकांनी बंद केलं, कारण घालून जायचं कुठे? मग मी मास्क शिवायला घेतले. कापड होतं, दोरा होता, पण इलॅस्टिक संपलं. अख्ख्या शहरात इलॅस्टिक नाही. मी मागवलेलं खोकं भावोजींच्या कंपनीमार्फत येत होतं, म्हणजे येत नव्हतं. बायका मला जुन्या परकरांच्या, लेंग्यांच्या पट्ट्या उसवून आणून द्यायला लागल्या. त्या मी धुऊन, उकळून वापरल्या. आमच्या गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसांच्या कानांना त्या काळात काय काय अडकलेलं होतं, ते मला ठाऊक आहे आणि ते माझ्याबरोबरच जाईल.

ताईचा मास्क मीच शिवला होता आणि तिथेच माझा या गोष्टीत हात आहे.

अठ्ठाविसाव्या वर्षी मोठा ताप आला, तेव्हापासून ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कानामागे यंत्र लावलं की बरंच येतं. लोकांच्या ओठांकडे बघून उरलेलं ती ओळखते. मास्क आले आणि ओठ गेले. उरलं ते यंत्र. एक दिवस भाजी घेऊन परत येताना इमारतीच्या दारात तिने मास्क काढला. परकराच्या इलॅस्टिकला ताण फार, ते कानामागच्या यंत्रात अडकलं आणि गोफणीतल्या दगडासारखं यंत्र उडालं ते थेट रस्त्यावर. त्याच क्षणी एक गाडी वळणावरून आली आणि त्यावरून गेली. भावोजींच्या कंपनीची गाडी. त्या अख्ख्या वर्षात आमच्या गल्लीत वेळेवर आलेली ती एकच.

ताई रडली नाही. ती रस्त्यावर बसली आणि तुकडे गोळा करून पदरात घेतले. मला म्हणाली, "पोरीचा आवाज गेला गं."

पोरगी म्हणजे माझी भाची. आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहते. तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. जावई वीजकेंद्रात कामाला. त्या दिवसांत वीजकेंद्राच्या माणसांना आत कोंडून ठेवत, तीन तीन आठवडे घरी सोडत नसत. सासू-सासरे नाहीत. म्हणजे पोरगी घरात एकटी. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा आणि ताई तो फोन यंत्राच्या कानाला लावून अर्धा तास बोलायची. दिवसभर ती त्या अर्ध्या तासासाठी जगत होती म्हटलं तरी चालेल.

आता फोन भावोजी घ्यायला लागले. पोरगी बोलणार, भावोजी ऐकणार आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून ताईला दाखवणार. फोनवर तोंड दिसायची सोय होती, पण आमच्याकडे ते चित्र असं फुटायचं, की पोरीचे डोळे एका चौकटीत आणि ओठ दुसऱ्या चौकटीत. त्यातून काय ओळखणार? ताईचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा, तिच्या बोटांशी त्याचं पटत नसे. म्हणून सगळी भिस्त भावोजींच्या कागदावर.

तो कागद मी पाहिलाय. पोरगी दहा मिनिटं बोलायची आणि कागदावर यायचं, 'बरी आहे.' कधी 'जेवली.' कधी 'डॉक्टर खूश.'

ताई विचारायची, "एवढा वेळ ती नुसतं बरी आहे, बरी आहे म्हणत होती का?"

भावोजी मान हलवायचे आणि कागदावर खाली लिहायचे, 'खूप बरी आहे.'

ताईच्या मनात एकच होतं, स्वतःला दमा असला तरी बाळंतपणाला पोरीजवळ असावं. प्रवासाला सरकारी पास लागत होता. तिने विचारलं, "मी येऊ का, विचारा तिला." भावोजींनी विचारलं, ऐकलं आणि लिहिलं, 'नको म्हणते. बाहेरगावच्या माणसाला डॉक्टर आत सोडत नाहीत.' आमची ताई मानी. पोरीलाच नको असेल, तर नाक घासत जाणाऱ्यांतली ती नव्हे. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायला लागली. तिला आवाज येत नव्हता, आम्हाला येत होता. मी माझ्या फोनवरून भाचीला विचारलं, तर तीही म्हणायची, "सगळं ठीक आहे मावशी." बापाचीच मुलगी.

नवीन यंत्र मागवलं होतं. ते समुद्रापलीकडे बनतं. आधी त्यातला एक छोटा तुकडा मिळत नव्हता म्हणून ते बनेना. मग बनलं, तर त्याला खोकं मिळेना. मग खोकं जहाजात चढलं आणि जहाज रांगेत उभं राहिलं. रोज सकाळी भावोजी फोनवर यंत्राचा प्रवास बघत आणि ताई भुवई उचलून विचारी, 'आलं?' भावोजी कागदावर लिहीत, 'रस्त्यात आहे.' या वेळी ते खरं होतं, पण एकोणीस वर्षांची सवय, ताईला त्यातलं खरं-खोटं कसं कळणार?

पोरीला नववा महिना लागला आणि एका सकाळी फोनवर दिसलं, 'पार्सल आपल्या शहरातील गोदामात पोचले.' भावोजींनी तो फोन आम्हाला प्रशस्तिपत्रकासारखा दाखवला. गोदाम त्यांच्या ऑफिसाच्या खालीच. ते वरच्या मजल्यावर, यंत्र तळमजल्यावर, मध्ये बावीस पायऱ्या.

"मग उद्या घेऊन या की येताना," मी म्हटलं.

"तसं चालत नाही. कर्मचाऱ्याने स्वतःच्या पार्सलला हात लावायचा नाही असा नियम आहे. येईल घरी. रीतसर येईल."

दोन दिवस झाले, आलं नाही. गोदामात निम्मी माणसं आजारी, खोक्यांचे डोंगर. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून आपल्याच कंपनीला फोन लावला. पस्तीस मिनिटं गाणं ऐकलं. शेवटी तक्रार नोंदवली गेली आणि नऊ आकडी नंबर मिळाला. तो दिवस शनिवार होता. पुढच्या शनिवारी दुपारी त्यांच्या फोनवर निरोप आला, 'आपल्या पार्सलचा पत्ता तपासला जात आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.'

संध्याकाळी ते माझ्याकडे आले, ते लालबुंद होऊन. इतकी वर्षं ओळखते, पण असा माणूस मी पाहिला नव्हता.

"हे बघ! पत्ता तपासतायत म्हणे. माझा पत्ता! एकोणीस वर्षं माझा पगाराचा कागद या पत्त्यावर येतो. कोण गाढव बसलंय तिथे?"

"तिथे कोण बसतं, ते तुम्हालाच ठाऊक," मी शिवता शिवता म्हटलं. खरंच सांगते, मी सहज म्हटलं. मलाही तेव्हा काही कळलेलं नव्हतं.

"आमच्या विभागात असं होत नाही," ते म्हणाले. "वरच्या कार्यालयातलं कोणीतरी असणार. मी लेखी देतो आता."

त्यांनी लेखी दिलं. दोन पानी पत्र, भाषा अगदी झणझणीत, त्यात 'बेजबाबदार कर्मचारी' हा शब्द तीनदा आणि 'कान' हा शब्द सातदा. ते पत्र वरच्या कार्यालयात गेलं आणि वरच्या कार्यालयाने ते नियमाप्रमाणे तक्रार विभागाकडे पाठवलं, तोच जुना नंबर घालून, नाव झाकून. म्हणजे भावोजींच्या टेबलावर. त्यांनी ते वाचलं नाही. पत्रं वाचायला वेळ कुठे होता? दिवसाला चारशे यायची. पुढच्या शनिवारी तो नंबर पुन्हा लाल झाला आणि जेवणाच्या सुट्टीआधी भावोजींनी त्याचा पत्ता तपासायला घेतला. त्याच्या पुढच्या शनिवारीही घेतला. आपलेच दात, आपलेच ओठ आणि चावतोय कोण, याचा पत्ता नाही.

ताईने भुवई उचलून विचारणं सोडून दिलं. सातला फोन वाजला की ती उठून गॅलरीत जायची. बाळंतपणाला बारा दिवस राहिले होते.

इकडे माझं इलॅस्टिकही असंच अडकलं होतं. एका दवाखान्याला मला मास्क द्यायचे होते आणि परकर संपले होते. कंपनीने नवीनच सोय केली होती, की पावती घेऊन या आणि गोदामातून स्वतः माल घेऊन जा. मी गेले. दारावरच्या रखवालदाराने माझ्या कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं आणि मी जिवंत असल्याची खात्री करून आत सोडलं. गोदाम सांभाळणाऱ्या बाई ठेंगण्या, आवाज खणखणीत. पावती बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर जाळीत गेलं."

"जाळीत म्हणजे?"

"चल, दाखवते."

गोदामाच्या पाठीमागे तारेच्या जाळीचा एक पिंजरा होता, आमच्या दोन खोल्यांएवढा. आत छतापर्यंत पार्सलं. कुबड्यांची एक जोडी, लहान मुलाचा पाळणा, रद्द झालेल्या शर्यतीचे करंडक, कुठल्याशा शाळेचे नकाशे. प्रत्येकावर नारिंगी चिठ्ठी, 'पत्ता तपासणी'.

"वरून तपासणीचा हुकूम आला, की माल चालू रांगेतून काढून इथे टाकायचा. पत्ता पक्का झाला नाही तोवर हलवायचा नाही," बाई म्हणाल्या.

"मग पत्ता तपासतं कोण?"

"तपासायला कोणीच नाही. तसा माणूसच नाही ठेवलेला. आम्ही नुसतं इथे आणून टाकतो."

माझं खोकं सापडलं. आणि त्याच्या शेजारी, हातात मावेल एवढं एक छोटं खोकं होतं. त्यावर आमच्याच इमारतीचा पत्ता, दुसरा मजला, स्वच्छ छापील अक्षरात. त्याच्यावर तीन नारिंगी चिठ्ठ्या, एकीवर एक.

"हे तर पोचेलसाहेबांच्या घरचं," बाई म्हणाल्या. "मी म्हटलंही आमच्या पोरींना, याचा काय पत्ता तपासायचा? पण वरून चिठ्ठी आली की आम्ही हात लावत नाही. तीनदा आली."

"चिठ्ठीवर सही कोणाची आहे?"

बाईंनी चष्मा वर केला, मग खाली केला. "त्यांचीच," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून हसल्या. मला हसू आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकतेय, पण कळसा काखेत दाबून वर गावावर ओरडणारा माणूस माझ्याच नात्यात निघावा!

मी खोकं घेऊन त्या बावीस पायऱ्या चढले. भावोजी फोनवर बोलत होते. "काळजी करू नका, रस्त्यात आहे," असं कोणालातरी सांगत होते. मी खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग पहिली चिठ्ठी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही सह्या एका ओळीत ठेवल्या.

"ही माझीच सही आहे," ते हळूच म्हणाले.

"तीन आठवडे, भावोजी. बावीस पायऱ्या."

त्यांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा पडलेला चेहरा उचलायचा होता. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पण मिळालं ना आता."

संध्याकाळी पावणेसातला ताईच्या कानामागे यंत्र बसलं. ती डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "हा नळ अजून गळतोय?"

मी हसले. भावोजीही हसले, जरा जास्तच. सातला फोन वाजला. भावोजींनी सवयीने हात पुढे केला, पण फोन ताईने आधी उचलला. तिला आवाज मोठा हवा होता म्हणून तिने तो खोलीभर ऐकू येईल असा लावला.

"हॅलो," ताई म्हणाली.

पलीकडे पोरगी एकदम रडायलाच लागली.

"आई! आई, तुझा आवाज! अगं, कधी येतेयस? पास मिळाला का? बाबा म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वीच अर्ज केलाय, फक्त पत्ता तपासणी चालू आहे. मी रोज विचारते. आई, मला फार भीती वाटते गं एकटीला. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, कोणीतरी घरात पाहिजेच. बाबा म्हणाले, हे तुला कळू देऊ नको, तुझा दमा वाढेल. तू येतेच आहेस म्हणून मी मावशीलासुद्धा बोलले नाही."

ताई भावोजींकडे बघत होती. तिच्या तोंडावरची रेषासुद्धा हलली नाही. "येते," ती फोनमध्ये म्हणाली. "मी येते." मग आणखी वीस मिनिटं ती पोरीशी बोलली, पाय कशावर ठेवायचे, झोपायचं कसं, भीती वाटली की काय करायचं. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "अर्ज कुठे आहे?"

भावोजी खुर्चीच्या हाताशी चाळा करत होते. "केला नव्हता," ते म्हणाले.

"आणि ती नको म्हणाली, ते?"

"ते मीच. अगं, तुझा दमा. त्या दिवसांत माणसं कशी जात होती, तू बघितलंस ना? तू गेलीस आणि तुला काही झालं तर मी काय करायचं होतं? मी घाबरलो होतो. मला वाटलं, दोन-चार दिवसांत सगळं निवळेल, मग अर्ज करू. तिला नाही म्हणवेना आणि तुला हो म्हणवेना."

हे मात्र खरं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांची दयाही आली, रागही आला, आणि राग जास्त आला. ताई एवढंच म्हणाली, "तुम्ही आम्हा दोघींना जाळीत टाकलंत." जाळीचं मी तिला दुपारीच कागदावर लिहून सांगितलं होतं.

पासाचा अर्ज मी माझ्या फोनवरून भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पास आला. पत्ता कोणी तपासला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी सहाला गाडी दारात उभी राहिली. भावोजींनी पिशव्या खाली आणल्या, दम्याचं औषध दोनदा तपासलं, ड्रायव्हरला खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं. ताई त्यांच्याशी बोलली नाही. बसताना तिने फक्त पातेल्यातलं पाणी झाडांना घालायला सांगितलं, तेही मला.

आठला भाचीच्या शेजारणीचा फोन आला. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या, दहा दिवस आधीच. तिला इस्पितळात नेलं होतं.

तो दिवस मी भावोजींबरोबर काढला. त्यांना ऑफिसात जायचं सुचलंच नाही. दर पंधरा मिनिटांनी ते ताईला फोन लावत आणि विचारत, "कुठवर आलीस?" ताई म्हणे, "रस्त्यात आहे." ते म्हणत, "रस्त्यात म्हणजे नक्की कुठे? किती वेळ लागेल? काही अंदाज?" ताईला जिल्ह्याच्या नाक्यावर थांबवून ठेवलं होतं. पास बघणारा माणूस जेवायला गेला होता. भावोजी फोनवर ओरडले, "असं कसं? त्याच्या जागी दुसरं कोणी नाही का? वरचा साहेब कोण आहे तिथे?" मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण मेहुणीलासुद्धा कधीकधी गप्प बसावं लागतं.

साडेतीनला ताईचा फोन आला.

"पोचले," ती म्हणाली.

"आणि पोरगी?"

"दोघी बऱ्या आहेत. मुलगी झाली. माझ्याआधी चाळीस मिनिटं."

भावोजींनी तोंड उघडलं. 'होतं असं', 'पोचलीस ना शेवटी', असलं काहीतरी येणार, हे मला दिसलं. ते आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं.

ताई पलीकडून बोलत होती. आवाज थकलेला, पण शांत होता. "ती शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, आई कुठवर आली. नर्सबाईंनी सांगितलं मला. त्या तिला सांगत राहिल्या, येतेय हो, रस्त्यात आहे. तिने म्हणे मान फिरवली. म्हणाली, मला सांगू नका, हे मी तीन आठवडे ऐकतेय."

फोन बंद झाला. भिंतीवर दोन्ही प्रशस्तिपत्रकं होती, आत नळ ठिबकत होता. आजोबा झाल्याबद्दल मी भावोजींचं अभिनंदन करायला हवं होतं, पण मला ते जमेना. पातेलं भरलं होतं म्हणून मी उठले आणि झाडांना पाणी घालून आले.

परत आले तर भावोजी स्वयंपाकघरात उभे होते, बाह्या वर सरसावलेल्या.

"आपल्याकडे पाना कुठे असतो?" त्यांनी मला विचारलं.